दवाखान्याची किल्ली कोणाकडे?

सरकारी दवाखान्यात गेलेल्या प्रत्येकाला ती चिठ्ठी माहीत आहे. केसपेपर काढला, रांगेत उभे राहिलो, डॉक्टरांनी तपासले, आणि शेवटी एका कागदाच्या तुकड्यावर दोन नावे लिहून दिली : "हे आपल्याकडे नाही, बाहेरून आणा." बाहेर म्हणजे गेटासमोरच्या मेडिकलमध्ये. सलाईनची नळी, इंजेक्शन, कधी कधी साधी सिरिंजसुद्धा. दिवसभराचा रोज बुडवून आलेल्या माणसाला हा दुसरा दंड असतो.

राग निघतो तो समोरच्या सिस्टरवर किंवा शिकाऊ डॉक्टरवर. पण औषध संपले हे त्या दोघांनाही दिसत असते. वॉर्डाच्या प्रमुखाला ठाऊक असते, औषध भांडारातल्या फार्मासिस्टला तर आधी महिनाभर ठाऊक असते. मग ते आणले का जात नाही? कारण ते आणण्याचा अधिकार बहुतेक वेळा त्या इमारतीत नसतो. मागणीपत्र वर जाते, निविदा आणखी वर निघते, पुरवठा कधी होतो तर कधी निम्माच होतो. यावर राजकारणातून एक उत्तर वारंवार येते : सरकारी इस्पितळांना स्वायत्तता द्या, त्यांचा कारभार त्यांना करू द्या. ऐकायला हे बरे वाटते. मात्र वस्तीतल्या माणसाने या उत्तराला लगेच टाळी देऊ नये आणि लगेच धुडकावूही नये. सत्ता मंत्रालयातून खाली आली, तर ती नेमकी कोणाच्या हातात पडते, हे आधी पाहावे.

२०२३ चा नांदेडचा प्रसंग आठवा. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. रुग्णांचे नातेवाईक औषधे बाहेरून आणावी लागल्याचे सांगत होते, सरकार तुटवडा नसल्याचे सांगत होते. प्रभारी अधिष्ठात्यांनी पत्रकारांना सांगितले, की औषधे हाफकिनकडून घ्यायची होती, ती खरेदी झाली नाही, म्हणून स्थानिक पातळीवर घेतली. त्यानंतर सत्ताधारी पक्षाचे खासदार तिथे पोहोचले आणि त्यांनी त्याच अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. खासदारांवर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला.

अपमानाचा तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. पण त्यातली दुसरी गोष्ट फारशी कोणी बोलले नाही. ज्या माणसाला जबाबदार धरले, त्याच्या हातात औषधखरेदीची किल्ली नव्हती. सफाई कामगारांची रिकामी पदे भरण्याचा अधिकार नव्हता. डॉक्टर-सिस्टरच्या बदल्या त्याला विचारून होत नाहीत. जबाबदारी खाली आणि अधिकार वर, अशी ही रचना आहे. स्वायत्तता मागणाऱ्यांची बाजू इथे खरी आहे, आणि ती आपण मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

मग एवढा अधिकार वर गेलाच कशाला, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सापडते. १९८६ च्या सुरुवातीला तिथे १४ रुग्ण मरण पावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते. कारखान्यात वापरायचा माल औषध म्हणून इस्पितळात शिरला होता. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली, तेव्हा पुरवठादार, इस्पितळातले अधिकारी, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंतचे लागेबांधे बाहेर आले. खरेदीचा अधिकार इस्पितळाजवळ असला आणि त्यावर कोणाची नजर नसली, की रुग्णाच्या जिवाशी कसा खेळ होतो, याचा हा धडा महाराष्ट्राने जीव देऊन घेतला आहे. खरेदी एका जागी आणली तर भाव कमी पडतो, दर्जा तपासता येतो, ठिकठिकाणचे कमिशन थांबते, हा विचार त्यातूनच बळावला. २०१७ साली राज्याने सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही खात्यांची खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. तिथे निविदा रखडू लागल्या. मग २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले. नांदेडची घटना घडली तेव्हा त्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य अधिकारीही नव्हता. उच्च न्यायालयाला त्याबद्दल सरकारला विचारावे लागले.

म्हणजे किल्ली खाली ठेवली तर चोरी, वर ठेवली तर कुलूपच उघडत नाही.

यावर शेजारच्या मध्य प्रदेशाने एक तोडगा काढला होता आणि तो पुढे देशभर पसरला. इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय, तिथले लोक त्याला 'एमवाय' म्हणतात. सुरतेत १९९४ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा एमवायमध्ये उंदरांचा सुळसुळाट होता. तिथल्या जिल्हा प्रशासनाने रुग्णांना दुसरीकडे हलवून सगळी इमारत रिकामी केली, ट्रकच्या ट्रक कचरा काढला, हजारो उंदीर मारले. शहरातल्या लोकांनी वर्गणी दिली. हा पैसा आणि पुढचा कारभार सांभाळायला एक नोंदणीकृत समिती स्थापन झाली, तिचे नाव रोगी कल्याण समिती. आपल्याकडची रुग्ण कल्याण समिती ती हीच. सरकारी इस्पितळात जमा झालेला पैसा सरकारी तिजोरीत न जाता त्याच इस्पितळाच्या खात्यात राहील आणि समिती तो तिथल्या तिथे खर्च करील, ही त्यातली नवी गोष्ट. फुटलेली टाकी दुरुस्त करायला भोपाळच्या मंजुरीची वाट पाहायला नको.

पण पैसा जमा होणार कुठून? वर्गणी रोज येत नाही. म्हणून केसपेपर, एक्स-रे, रक्ततपासणी, ऑपरेशन यांवर शुल्क आले. दारिद्र्यरेषेखालच्यांना माफी होती, पण ती कागदावर. पिवळे कार्ड नसलेला बिगारी, भाड्याच्या खोलीत राहणारी धुणीभांडी करणारी बाई, गावाकडे रेशनकार्ड असलेला वीटभट्टी मजूर, हे सगळे खिडकीपाशी 'पैसे भरणारे' ठरतात. इस्पितळाला स्वातंत्र्य मिळाले आणि त्याचे बिल रुग्णाच्या हातात पडले.

एमवायची कहाणी इथे संपत नाही. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस त्याच रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले. दोन्ही बाळे वाचली नाहीत. मृत्यू उंदीर चावल्याने झाला नाही, बाळांना मुळातच गंभीर आजार होते, असे रुग्णालय प्रशासनाने सांगितले. ते घडीभर मान्य केले तरी अतिदक्षता विभागात उंदीर होते हे उरतेच. ज्या इमारतीतून उंदीर हाकलल्याच्या कर्तबगारीवर देशभरची योजना उभी राहिली, तिथे तीस वर्षांनी उंदीर मारण्याचे काम खासगी ठेकेदाराकडे होते आणि त्यावर लक्ष ठेवायला कोणी नव्हते. समिती होती, शुल्क होते, ठेकेदारही होता. रोज विचारणारा माणूस तेवढा नव्हता.

म्हणून 'स्वायत्तता' हा शब्द कानावर आला, की त्याचे दोन तुकडे करून पाहावेत. एक, खर्च करण्याचे स्वातंत्र्य. दुसरे, कमावण्याचे स्वातंत्र्य. पहिले आपल्या फायद्याचे आहे. बिघडलेला फ्रिज, संपलेली लस, रात्रीच्या बाळंतिणीसाठी जनरेटरचे डिझेल यासाठी मुंबईची परवानगी लागू नये. दुसरे मात्र आपल्या मुळावर येते. इस्पितळाने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, असे एकदा ठरले की ते पैसे देणारा रुग्ण शोधू लागते आणि न देणारा रुग्ण त्याला ओझे वाटू लागतो. राजकारणी भाषणात या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात गुंडाळतात. बहुधा ते चुकून होत नसावे.

हे आपल्याकडेच होते असेही नाही. इंग्लंडमध्ये १९४८ पासून सगळ्यांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. २००२ च्या सुमारास तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने चांगल्या चालणाऱ्या इस्पितळांना 'फाउंडेशन ट्रस्ट' करून लंडनच्या हुकमातून मोकळे करायचे ठरवले. आरोग्यमंत्री अ‍ॅलन मिलबर्न म्हणत होते, की स्थानिक लोक सभासद होतील, त्यांचे प्रतिनिधी निवडून येतील, इस्पितळ लोकांचे होईल. त्यांच्याच पक्षाचे आधीचे आरोग्यमंत्री फ्रँक डॉब्सन विरोधात उभे राहिले. अशाने सबळ इस्पितळे आणखी सबळ होतील, दुबळी मागे पडतील आणि एक सेवा दोन दर्जांची होईल, हा त्यांचा मुद्दा. नोव्हेंबर २००३ मध्ये संसदेत निर्णायक मतदान झाले, तेव्हा प्रचंड बहुमताचे सरकार अवघ्या १७ मतांनी तरले. पुढे मिड स्टॅफर्डशायरच्या इस्पितळाने हा दर्जा मिळवण्यासाठी जमाखर्च चांगला दाखवायचा म्हणून नर्सेस कमी केल्या, खर्च छाटला. २००८ मध्ये त्याला दर्जा मिळालाही. त्याच काळात तिथल्या वॉर्डांत म्हाताऱ्या माणसांना कोणी पाणी देईना, घाणीत पडलेल्यांना कोणी उचलेना. हे बाहेर काढले ते मेलेल्यांच्या नातेवाइकांनी. २०१३ च्या फ्रान्सिस चौकशी अहवालात ते सविस्तर आले आहे. श्रीमंत देश, शिकलेली जनता, निवडून दिलेले प्रतिनिधी, सगळे होते. तरी इस्पितळाचे डोळे वरच्या परीक्षकाकडे आणि हिशेबाच्या वहीकडे लागले होते, खाटेवरच्या माणसाकडे नव्हते.

आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे, जी मिलबर्न-डॉब्सन यांच्या वादात येणार नाही. 'स्थानिक' म्हणजे कोण? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संविधान सभेला स्पष्ट सांगितले होते, की खेडे हा राज्यघटनेचा पाया मानता येणार नाही; तिथे संकुचितपणा आणि जातीयता आहे, म्हणून घटनेत एकक मानली आहे ती व्यक्ती. अनेकांना ते बोल झोंबले. पण आज तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या समितीत कोण कोण आहे, हे काढून पाहा. साखर कारखान्याचे संचालक, सत्तेतल्या पक्षाचा तालुकाप्रमुख, एखादा मेडिकल दुकानवाला 'प्रतिष्ठित नागरिक' म्हणून. वस्तीतले नाव क्वचित सापडते, सापडले तर सहीपुरते. अधिकार मंत्रालयातून वाड्यावर आला, तर आपल्या आयाबायांसाठी काय बदलले? मंत्रालयाविरुद्ध निदान कोर्टात जाता येते. वाड्याविरुद्ध बोलायचे तर गावात राहायचे असते.

शहरात 'स्थानिक' आणखी वेगळ्या अर्थाने फसवते. मुंबईचे केईएम १९२६ साली सुरू झाले. तिथले डॉक्टर सरकारी नोकरीत नसलेले भारतीयच असले पाहिजेत, अशी अट देणगीदारांनी घातली होती. म्हणजे ते इस्पितळ जन्मले तेच स्वातंत्र्याच्या अटीवर, आणि आजही ते राज्याचे नसून महापालिकेचे आहे. तरी तिथली औषधे पालिकेच्या मध्यवर्ती खरेदी खात्याच्या रांगेतूनच येतात. ठाण्याला कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय पालिकेचेच. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे चोवीस तासांत १८ मृत्यू झाले. त्या दिवसांत ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलचे पुनर्बांधणीसाठी स्थलांतर झाले होते आणि तिथला भार कळव्यावर येत होता. इस्पितळ आपल्या गावच्या पालिकेचे असणे पुरेसे नाही, हे कळव्याने दाखवले.

मग मार्ग कुठला? माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा मार्ग तमिळनाडूने काढला. १९९४ मध्ये त्यांनी औषध खरेदीसाठी सरकारी महामंडळ स्थापन केले. भाव ठरवणे, माल घेणे आणि प्रत्येक खेपेची तपासणी हे काम महामंडळाकडे. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे. पण कोणते औषध किती घ्यायचे, हे प्रत्येक इस्पितळ ठरवते. त्यासाठी त्याला एक पासबुक मिळते, बँकेसारखे. वर्षाची रक्कम त्यात जमा दाखवलेली असते आणि उचललेल्या औषधाची किंमत त्यातून वजा होते. सापाच्या विषावरची लस जास्त लागणाऱ्या तालुक्याने ती जास्त घ्यावी, दुसऱ्याने इन्सुलिन घ्यावे. दर्जा आणि भाव एका जागी, निवड खाली. आणि या सगळ्याचा पैसा सरकारी अंदाजपत्रकातून, रुग्णाच्या खिशातून नाही. किल्ली दोघांकडे वाटून दिली आहे. महाराष्ट्राचे नवे प्राधिकरण तमिळनाडूचे नाव घेऊनच पुढे आले, पण नाव घेणे आणि जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम चालवणे यात अंतर आहे.

पैशाच्या बाबतीत महाराष्ट्राने एक पाऊल बरोबर टाकले आहे, तेही सांगितले पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणी-उपचारापर्यंत सगळे मोफत केले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचे सिव्हिल हे त्यात येतात. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. हा फरक ध्यानात ठेवा, कारण 'आता सगळीकडे फुकट झाले' असे समजून गेलेल्यांचा खिडकीवर वाद होतो. आणि मोफतच्या पाटीखाली 'बाहेरून आणा' चालू असेल, तर ते शुल्कच आहे, फक्त त्याची पावती मेडिकलवाला देतो.

उरतो तो खालच्या हातातला प्रश्न, आणि इथे महाराष्ट्राजवळ स्वतःचा अनुभव आहे. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा प्रत्येक दवाखान्याला थोडा मोकळा पैसा मिळाला. सुरुवातीच्या नियमांप्रमाणे उपकेंद्राला वर्षाला १० हजार, प्राथमिक आरोग्य केंद्राला २५ हजार अबंधित निधी, शिवाय केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला १ लाख आणि जिल्हा रुग्णालयाच्या समितीला ५ लाख. पुढे आकडे आणि नियम बदलत गेले. हा निधी अनेक ठिकाणी खुर्च्या, पडदे आणि रंगरंगोटीत गेला. पण २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातल्याच बाया-माणसांनी आपल्या केंद्राचे प्रगतिपत्रक भरायचे, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांच्या समोर उभे राहून सांगायचे : डॉक्टर कोणत्या दिवशी नव्हते, इंजेक्शनचे पैसे कोणी मागितले, बाहेरची चिठ्ठी कोणी दिली. समितीत चार नावे घालून जे झाले नाही, ते भरसभेत विचारल्याने काही ठिकाणी झाले. पैसे मागणे थांबले, बंद उपकेंद्रे उघडली. समिती बंद खोलीत बसते आणि जनसुनवाई मांडवात होते, हा साधा फरक होता.

शहरी वस्त्यांसाठी २०१३ च्या राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात महिला आरोग्य समिती आहे. साधारण ५० ते १०० घरांमागे एक, वर्षाला ५ हजार रुपयांचा निधी, आशाताईंच्या सोबतीने काम. रक्कम फुटकळ आहे. पण त्या समितीच्या बैठकीचे इतिवृत्त नागरी आरोग्य केंद्रात जाते, आणि तिथल्या रजिस्टरला लिहिलेला प्रश्न तोंडी प्रश्नापेक्षा जड असतो. आपल्या वस्तीत ही समिती आहे का, तिच्यात कोणाची नावे आहेत, हे आशाताईंना विचारा. पुष्कळ ठिकाणी समिती कागदावर असते आणि तिच्यातल्या बायांनाच ते माहीत नसते.

इस्पितळाची माहिती काढायची तर माहितीच्या अधिकारात साधा अर्ज पुरतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. सिव्हिलच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे तीन गोष्टी मागाव्यात. रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांची यादी आणि गेल्या वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्ते. समितीच्या खात्यातून कशावर किती खर्च झाला त्याचा तपशील. आणि गेल्या सहा महिन्यांत औषध भांडारात कोणती औषधे किती दिवस शिल्लक नव्हती, त्यांची मागणी कोणत्या तारखेला वर पाठवली, पुरवठा कोणत्या तारखेला आला. या तिसऱ्या कागदावर दोन तारखा शेजारी शेजारी येतात, आणि चिठ्ठी खालच्या माणसामुळे लिहिली गेली की वरच्या, ते त्यातच दिसते.